कॅसेट चांगली, टीव्ही चांगला, चित्र गायब

मामींना 1989 मधल्या त्यांच्या लग्नाची कॅसेट नातवंडांना दाखवायची होती. घर चिपळूणचं, टीव्ही नवाकोरा, भिंतीवर टांगलेला. व्हीसीआर माळ्यावर. कॉलेजात असताना मी व्हिडिओ लायब्ररीचे भाड्याचे टीव्ही-व्हीसीआर घरोघरी जोडून द्यायचो, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप नीट पाहिली. कोकणातल्या दमट हवेत टेपच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. तशी टेप लावली की बुरशी हेडला चिकटते आणि त्यानंतरच्या कॅसेटींनाही लागते. मामींची कॅसेट मात्र लोखंडी कपाटात सुखरूप राहिली होती.

व्हीसीआरच्या मागे चित्राचं पिवळं सॉकेट, आवाजाचं पांढरं. टीव्हीला एचडीएमआयची सॉकेटं आणि ‘एव्ही’ लिहिलेलं हेडफोनसारखं एक बारीक भोक. मामांनी जुन्या हँडीकॅमची वायर काढून दिली. ती बरोब्बर बसली, टीव्हीवर एव्ही निवडलं, पण पडदा काळा आणि स्पीकरमधून नुसती गुरगुर.

“अरे, टीव्हीच बिघडला वाटतं,” मामा म्हणाले.

मला मात्र ती गुरगुर ऐकून हायसं वाटलं. व्हीसीआरमधून चित्राचा सिग्नल निघतोय, टीव्हीपर्यंत पोचतोय, फक्त तो आवाजाच्या वाटेने आत शिरतोय, असा तिचा अर्थ. या बारीक पिनेवर चार कड्या असतात आणि कुठल्या कडीवर काय जोडायचं हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेलं असतं. वायरीचं पिवळं टोक काढून लाल टोक पिवळ्या सॉकेटात घातलं आणि मांडव दिसायला लागला.

दिसला, पण मुंग्यांमधून. ट्रॅकिंगचं बटण फिरवून फरक पडेना. मग दोष टेपचा की यंत्राचा? दुसरी कॅसेट लावली, तिच्यावरही तशाच मुंग्या. म्हणजे टेप निर्दोष, हेड घाण.

प्लग काढला, झाकण उघडलं. आत तिरका बसवलेला चकचकीत ड्रम असतो. व्हीसीआर चालू असताना तो सेकंदाला 25 फेरे घेतो. हेड त्याच्या कडेला, नखाने खरवडलं तर तुटेल इतकं नाजूक. शॅमी लेदरचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला केला, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या बाजूने धरून सावकाश फिरवला. कापड वर-खाली घासायचं नाही, हेड मोडतं. कापसाची काडीही नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. लेदरवर काळपट तपकिरी रेघ उमटली. अल्कोहोल पूर्ण वाळू दिलं आणि मगच कॅसेट लावली. मामींच्या शालूचा रंग ओळखू येत होता.

तरी तक्रारी संपल्या नव्हत्या. “सगळे एवढे जाडे का दिसतायत?” मामींनी विचारलं. तेव्हाचं चित्र 4:3 मापाचं, आताचा पडदा 16:9. टीव्ही ते ताणून बसवत होता. सेटिंगमध्ये 4:3 केल्यावर वऱ्हाडी मंडळी आपापल्या अंगलटीत आली. चित्राच्या तळाशी एक पट्टी वळवळत होती, तिला मात्र मी हात लावला नाही. ड्रमवरची दोन हेडं आळीपाळीने चित्र वाचतात, त्यांच्या अदलाबदलीची ती खूण. जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड जायच्या, म्हणून ती कधी दिसली नाही, इतकंच.

चित्र बिघडलं की लोक सगळ्या वायरी उपसतात आणि सगळी बटणं दाबतात. त्याने दोष सापडत नाही, उलट नवे दोष तयार होतात. कॅसेट, यंत्र, वायर, टीव्ही यांतली एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

मात्र यापुढे असा प्रसंग फार वेळा येणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं, आणि तो बनवणारी शेवटची कंपनी म्हणून तीच ओळखली जात होती. तुमच्या कपाटात लग्नामुंजीच्या कॅसेटी असतील, तर पुढच्या पावसाळ्याआधी त्या डिजिटल करून घ्या आणि मूळ कॅसेट फेकू नका.