मांडीवरचं खापर

खापर मांडीवर घेऊन बसायचा मान आमच्या घरात मागून मिळत नसे. ट्रॅक्टरची ट्रॉली दारात लागली की आधी पिठाचे डबे चढत, मग पुरणाचं पातेलं, आंब्यांची पाटी, पाण्याचे हंडे. त्यांच्यामागून बायका आणि पोरं. अगदी शेवटी, गोधडीत गुंडाळलेलं खापर पोटाशी धरून आजी ओट्यावरून खाली येई. ट्रॉलीतल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवी आणि कुणा एकाच्या मांडीवर ते ठेवी. "जपीसन धर," एवढंच म्हणे. चाळीसगावहून पाटणादेवी अठरा किलोमीटर. तिच्या अलीकडे, सातमाळ्याच्या पायथ्याशी फुईचं, म्हणजे आत्याचं, शेत. तेवढा रस्ता ज्याच्या मांडीवर खापर असे, त्याच्याशी कुणी भांडत नसे, त्याला कुणी धक्काही देत नसे.

दिसायला ते साधंच. मातीचं, रुंद, गोल बुडाचं. भांडं म्हणून घडवलेलं, पण त्यात कधी काही शिजत नाही. खापर जन्मभर पालथं राहतं. तोंड चुलीकडे, पाठ आभाळाकडे. जाळ सगळा पोटात घ्यायचा आणि पाठीवर पोळी भाजू द्यायची. आतून ते काजळीनं काळं होतं, वरून मात्र पोळ्यांच्या स्पर्शानं गुळगुळीत होत जातं, म्हाताऱ्या माणसाच्या तळहातासारखं. दोन-तीन आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, काढलेलं खापर हाताला लगेच कळतं.

आजी ते आखाजीच्या आधी कुंभाराकडून वाजवून घेई. बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि कान जवळ न्यायचा. खणखणीत बोललं तर घ्यायचं. भद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे, ती डोळ्यांना दिसो न दिसो. रंग, आकार ती नंतर बघे. माणसांचंही ती असंच करायची. दिसण्यावर कधी गेली नाही, दोन शब्द बोलून मग ठरवायची.

खापराचा स्वभाव हळू तापण्याचा. घाई केलेली त्याला चालत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ भडकन उठतो आणि तसाच बसतो, म्हणून त्या पेटवणीपुरत्या. मग खाली निंबाचं लाकूड. पहिली पोळी बहुतेक वेळा चिकटते किंवा फाटते. ती खापरानं खाल्ली, असं आमच्याकडे म्हणतात. दुसरीपासून ते राजी होतं.

आणि ती पोळी! वस्त्रगाळ पिठाची, तिंबून तिंबून लोण्यासारखी केलेली कणीक. दोन लाट्यांच्या मध्ये मूठभर पुरण, कडा दाबून बंद. पोळपाटावर थोडीशीच लाटायची, मग ती हातावर चढते. या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि प्रत्येक फेऱ्याला रुंद होत जाते. शेवटी पुरण आत दिसू लागतं इतकी पातळ झाली की एका झोकात खापराच्या पाठीवर. फुईच्या हातची पोळी हवेत असताना आम्ही पोरं श्वास धरून बघायचो. भाजलेली पोळी रुमालासारखी घडी घालून ताटात येते, सोबत आंब्याचा रस, पुरणाच्या पाण्याची झणझणीत रशी, कुरडई, भजी. या पोळ्या म्हणजेच मांडे. बाकी महाराष्ट्र मनातले मांडे खातो. आम्हाला ते ताटात मिळाले, याचं सुख मला आजही वाटतं.

खापराला एकटं माणूस चालवू शकत नाही. कणीक एकीनं तिंबायची, पुरण दुसरीनं भरायचं, पोळी तिसरीनं हातावर वाढवायची, जाळ चौथीनं सांभाळायचा आणि रस काढायला पुरुषांना बसवायचं. एकट्या बाईनं एकटीसाठी खापर मांडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणूनच मुक्ताबाईची गोष्ट मला लहानपणापासून टोचते. ज्ञानदेवांना मांडे खायची इच्छा झाली, मुक्ताबाई कुंभाराकडे खापर आणायला गेली, आणि या भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबांच्या धाकानं तिला कुणी खापर दिलं नाही. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीनं पाठ तापवली आणि तिनं त्या पाठीवर मांडे भाजले. सगळे चमत्काराशी थांबतात. माझं मन मात्र कुंभारवाड्यातून रिकाम्या हातांनी परतणाऱ्या त्या मुलीपाशी अडकतं. खापर नाकारणं म्हणजे काय, ते खान्देशातल्या बाईला सांगावं लागत नाही. तुझ्या अंगणात माणसं जमणार नाहीत, असं गावानं तिला सांगितलं होतं. तीच मुक्ताबाई पुढे शके १२१९ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, तापीकाठी मेहूणला अंतर्धान पावली, असं वारकरी मानतात. खापराच्या मुलखात ती आली, याचा आजीला फार आधार वाटे.

आमची माणसं जमायची ती आखाजीला. वैशाख शुद्ध तृतीया. पारा ४३-४४ वर, शेतं रिकामी, सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरायचा दिवस. आठवडाभर आधी मुऱ्हाळी पाठवून लेकी-बहिणी आणलेल्या असत, निंबाला झोके बांधलेले असत. सकाळी पितरांची घागर भरायची. लाल मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, बाजूला आंबे. घागरीला दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा चाखत नसे. खापरावरची पहिली धड पोळीही आमच्या ताटात येत नसे. तिचा तुकडा आणि तूप निखाऱ्यावर, आगारी म्हणून. आजी तेव्हा नावं घ्यायची. आजोबा, पणजोबा, आणि ज्यांचं नाव कुणालाच ठाऊक नाही ते खापरपणजोबा. तो शब्द ऐकला की मी चुलीवरच्या खापराकडे बघायची. मला वाटायचं, हेच ते.

आखाजीनंतर दोन-तीन दिवसांनी फुईच्या शेतात जाणं. पाटणादेवीचं जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, ते १९८६ साली जाहीर झालं; तिथे जाळ नको, म्हणून चूल शेतातल्या आंब्याखालीच मांडायची. त्याआधी सकाळच्या गारव्यात पाटणादेवीचं दर्शन. उन्हाळ्यात धवलतीर्थाचा कडा कोरडा पडलेला, जंगल पानगळीनं उघडं झालेलं, पायाखाली सागाची पानं चुरचुरत. मोठेपणी मी तिथल्याच पाटणच्या शिलालेखाविषयी वाचलं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ स्थापला, शके ११२८ मध्ये त्याला दानं मिळाली, आणि भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला, हे सगळं आहेच. पण मला धरून ठेवलं त्याच्या शेवटच्या जुन्या मराठीतल्या ओळींनी. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं राजाचं येणं मठाला द्यावं, असा त्यांचा आशय. म्हणजे इथे बाजार भरत होता. कुणीतरी बाई वाकून, कान लावून, पेरानं टकटक करत असेल का?

मी बारा वर्षांची होते त्या वर्षी परतताना खापर माझ्या मांडीवर आलं. दिवसभर तापून निवत आलेलं, गोधडीतूनही ऊब लागत होती. ट्रॉलीत सगळे पेंगत होते. एका खड्ड्यात ट्रॉली आदळली आणि माझ्या मांडीत टच्च असा बारीक आवाज झाला. घरी येईपर्यंत मी गोधडी उघडली नाही, कुणाला बोललेही नाही. ओट्यावर आजीनं हात पुढे केले, गोधडी घेतली, आणि तिला तोलावरूनच कळलं. उघडून बघायच्या आधी तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुले तं नही लागनं?" एवढंच विचारलं. त्या ट्रॉलीत चौदा माणसं होती. खापर फुटलं, पण माझ्या डोक्यावर ते कुणी फोडलं नाही. दोन दिवसांनी मी रडायची थांबले तेव्हा आईनं सांगितलं, तीसुद्धा लहानपणी एक फोडून बसली होती.

तुकडे आजीनं टाकले नाहीत. एक तुळशीच्या कुंडीच्या भोकावर गेला, एक कोंबड्यांच्या पाण्याला. बाकीचे तिनं दगडावर घासून गोल करून दिले. शाळा उघडेपर्यंत आमची लगोरी त्या सात खापऱ्यांची होती. सगळ्यांत खाली बुडाची, जाड, एका अंगानं काळी आणि दुसऱ्या अंगानं गुळगुळीत. चेंडू लागून बाकीच्या सहा गल्लीभर उडायच्या. ती जागची हलायची नाही.