कूलरचं बिल

जळगाव. मे महिना, पारा ४४ च्या वर. दुपारच्या मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब म्हणाले, "मागे कसला आवाज येतोय?" कूलरचा. तो बंद केला तर लॅपटॉपआधी मीच बंद पडेन.

२०२० च्या मार्चमध्ये घरी आलो तेव्हा पुण्यातलं भाडं वाचलं म्हणून खूश होतो. आता विजेचं बिल वाचतो. ३०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चढतो, आणि उन्हाळ्यात आमची गाडी तिथं पोचतेच. शिवाय इन्व्हर्टर, ब्रॉडबँड. अन् माझ्या मीटिंगपायी आई टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघते, ते कुठल्या खात्यात टाकायचं?

स्पेनने २०२० मध्येच कायदा केला, की घरून कामाचा खर्च कंपनीने सोसायचा. धुळ्याच्या मावशीला हे सांगितलं तर ती हसत सुटली. तिने २० वर्षं घरी बसून पापड लाटले. जागा तिची, पोळपाट तिचा; मजुरी मात्र किलोवर.

आज कंपनीला मेल टाकला. सोबत दोन बिलं जोडली, एक जानेवारीचं, एक एप्रिलचं.