वारेतलं प्लास्टिक आणि आईचं दूध

संपादकांनी या विषयावर लिहायला सांगितलं तेव्हा लगेच हो म्हणाले, त्याला कारण एक बाळंतीण. आईच्या दुधात प्लास्टिकचे कण सापडल्याची बातमी तिच्या फोनवर आली आणि तिने बाळाला अंगावर पाजणं बंद केलं. “डॉक्टर, निदान माझ्यातून तरी त्याच्या पोटात विष जायला नको.” आता बाळ पावडरच्या दुधावर आहे, आणि बाटली प्लास्टिकची आहे. माझं समजावणं कमी पडलं याची मला रुखरुख आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. बाळंतपणानंतर पडलेली वार तपासणं हे माझं रोजचं काम. इटलीतल्या डॉक्टरांनी सहा बायकांची वार तपासली, तो अभ्यास २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. चौघींच्या वारेत मिळून १२ कण सापडले, बहुतेक तांबड्या रक्तपेशीएवढे. काही तर बाळाकडच्या बाजूला होते. बाहेरचं प्लास्टिक मिसळू नये म्हणून त्यांनी प्रसूतीच्या वेळी हातमोजेसुद्धा सुती वापरले होते. कण ओळखले ते आपल्या सी. व्ही. रामन यांच्या शोधावर चालणाऱ्या यंत्राने. अशा कामापुढे मी मान तुकवते.

पुढच्या आकड्यांबद्दल मात्र मला शंका आहे. २०२४ मध्ये न्यू मेक्सिकोत ६२ जणींची वार तपासली आणि प्रत्येकीत प्लास्टिक निघालं. निम्म्याहून जास्त पॉलिथिलीन. या पद्धतीत ऊतक अल्कलीत विरघळवतात, उरलेला गाळ प्रचंड तापवून त्याचे रेणू तोडतात आणि निघालेले तुकडे मोजतात. गोम अशी की पॉलिथिलीन म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी, आणि चरबीतही तशाच साखळ्या. तापवल्यावर दोन्हींतून काही तुकडे सारखेच निघतात. चरबी पुरती धुतली गेली नसेल, तर तीही प्लास्टिकच्या खात्यात जमा होते. सहकाऱ्यांशी मी यावरून कडाकडा भांडते, कारण वाहिन्यांवर तोच आकडा रात्रभर फिरतो आणि सकाळी बायका घाबरून दवाखान्यात येतात.

म्हणून धोका नाही असं मी म्हणणार नाही. गाभण उंदरिणींच्या फुप्फुसांत २० नॅनोमीटरचे कण सोडले, तर दुसऱ्या दिवशी ते गर्भाच्या यकृतात, हृदयात, मेंदूत मिळाले. पिलांचं वजनही कमी भरलं. डोस मोठा होता, पण वाट उघडी आहे हे दिसलं. माणसाच्या बाळाला किती कणांनी काय इजा होते, ते अजून ठरायचं आहे. ‘सापडलं’ आणि ‘बाधलं’ यांत फार अंतर आहे.

बाटलीचा हिशेब मात्र झालेला आहे. डब्लिनच्या संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्यांत गरम पाणी घालून हलवलं, तेव्हा लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण सुटले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त.

तेव्हा बायांनो, अंगावर पाजणं थांबवू नका. वरचं दूध द्यावंच लागलं, तर उकळलेल्या पाण्यात ते स्टीलच्या भांड्यात कालवा, कोमट होऊ द्या, आणि वाटी-चमच्याने पाजा.