मागे काय बांधायचं?

फिफ्थ व्हीलच हवं, दुसरं काही नको, असं मी ज्याला-त्याला ठणकावून सांगत होतो. आता सांगत नाही. मन बदललं. ते का बदललं हे लिहून काढतो आहे, कारण घरच्यांना आणि गॅरेजातल्या जुन्या मित्रांना मी या विषयावर इतकं पकवलं आहे, की 'बरं, साधाच ट्रेलर करू' एवढ्यावर माझी सुटका होणार नाही.

प्रश्न असा की चाकांवरचं एक छोटं घर बनवायचं आहे, तर ते गाडीला जोडायचं कसं. साध्या ट्रेलरला पुढे दांडी असते आणि ती गाडीच्या बंपरखालच्या गोळ्यावर बसते. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरचं नाक उंच होऊन पिकअपच्या हौद्यावर येतं. त्याच्या पोटाखालची किंगपिन हौद्यातल्या जबड्यात अडकते आणि नाकाचं वजन थेट मागच्या आसावर पडतं.

माझी सगळी नोकरी या जबड्यांना ग्रीस लावण्यात गेली. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि उरण-पनवेलच्या रस्त्यावर ट्रेलरांची रीघ लागली. पुढच्या गाडीला आमच्यात 'घोडा' म्हणतात. घोडा मागे येतो, खट्‌ असा आवाज होतो, आणि दोन इंच जाडीची एक पिन चाळीस फुटी कंटेनरचे तीस टन ओढायला तयार होते. तो खट्‌ नीट वाजला की नाही, हे मी पाठमोरा उभा राहूनही सांगू शकत असे. अशा माणसाला बंपरखालचा गोळा दाखवला, तर तो नाक मुरडणारच.

माझी बाजू चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. ओढायचा जोड मागच्या आसावर असला की ट्रेलर गाडीला फारसं हलवू शकत नाही. जोड बंपरच्या मागे गेला, की ट्रेलरच्या हाती गाडीची शेपटी येते. मोठा ट्रक झपकन बाजूनं गेला किंवा सामान ट्रेलरच्या आसाच्या मागे जास्त भरलं, की शेपूट डुलायला लागते. म्हणून साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यावा लागतो, फिफ्थ व्हीलमध्ये पिनेवर पंधरा ते पंचवीस टक्के. ग्लेन कर्टिस हा विमानं बनवणारा अमेरिकन. त्यानं १९२०च्या दशकाच्या शेवटी 'एरोकार' नावाचा घर-ट्रेलर काढला, तोही जोड आसावर ठेवण्याच्या याच तत्त्वावर. विमान उडवणाऱ्याला डुलणारी शेपूट परवडत नाही, हे मी भाच्याला कितीदा ऐकवलं असेल!

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही घर बांधताय की कंटेनर?"

तेव्हा मी चिडलो. पण घर कशासाठी हवं होतं, हा मुद्दा त्यानंच पुन्हा समोर आणला. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. नागावच्या आमच्या वाडीत पोफळी मोडून मधे मोकळे पट्टे पडले. नवं रोप लावलं तरी सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर त्या मोकळ्या जागेत पाहुण्यांसाठी पक्की खोली बांधली, तर ती जागा वाडीला कायमची मुकते. चाकांवरचं घर मात्र रोपं वाढतील तसं सरकवता येतं. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात एका आसाचे, दोन आसांचे, घडीचे, तंबूचे असे प्रकार मांडलेले वाचले आणि मी पेटलो. (चाकं लावली म्हणजे किनाऱ्याचे नियम संपले, असं मात्र कुणी समजू नये. भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यात सीआरझेड आहेच आणि घर आठवडे-महिने एका जागी उभं राहिलं की प्रश्न विचारले जातात.)

म्हणजे या घराला ओढायचं होतं थोडं, उभं राहायचं होतं जास्त. मी मात्र सगळी तुलना ओढण्याचीच करत बसलो होतो, तीही तीस टनांची सवय असलेल्या डोक्यानं. इथे वजन होतं दोन टन.

तरी हट्ट सुटला नव्हता. तो सुटायला लागला आमच्या पाणंदीत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर माडाच्या झावळ्या, मधून गेलेल्या विजेच्या तारा. फिफ्थ व्हीलचं नाक हौद्यावर असल्यामुळे त्याची उंची सहज बारा फुटांवर जाते. पण उंचीपेक्षा वळण वाईट. मी फक्कीनं रेघा मारल्या आणि रात्री कागदावर आकडे मांडले. गाडीचं पुढचं चाक १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतंय आणि दोन आसांत ३ मीटर अंतर आहे असं धरलं, तर मागचा आस साडेनऊ मीटरांवर फिरतो. किंगपिनपासून ट्रेलरच्या आसापर्यंत ६ मीटर असतील, तर ट्रेलरचा आस ७.४ मीटरांवर येतो. म्हणजे पुढच्या चाकाच्या रेघेपेक्षा अडीच मीटरांहून जास्त आत, थेट गडग्यात. साध्या ट्रेलरचा गोळा मागच्या आसाच्या सव्वा मीटर मागे आणि तिथून ट्रेलरचा आस ४ मीटरांवर धरला, तर तो ८.७५ मीटरांवर फिरतो. आत शिरतो सव्वा मीटर. काटकोनातल्या वळणात आत शिरण्याचे दोन्ही आकडे थोडे कमी होतील, कारण गाडी पूर्ण वर्तुळ मारत नाही. हा फरक मुख्यतः लांबीचा आहे, जोडाचा नाही, हेही कबूल. साधा ट्रेलर ६ मीटरांचा घेतला तर तोही साडेसात मीटरांवरच येतो. पण पलंग हौद्यावर घ्यायचा म्हटलं की फिफ्थ व्हीलला ती लांबी लागतेच. आखूड फिफ्थ व्हील करायचं, तर मग करायचंच कशाला?

दुसरी अडचण पिकअपची, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. दोन टनांचा वीस टक्के म्हणजे चारशे किलो हौद्यात. बोलेरो पिकअपला ते झेपतं, पण तिच्यात कुटुंब बसत नाही. पाच जण बसतील अशा हौशी पिकअपमध्ये माणसं बसतात, पण कागदावर तिची भारक्षमता इतकी थोडी की पिनेच्या वजनातच ती संपते. शिवाय हौद्यात जबडा ठोकला की नारळ, खत, पंप कुठे टाकायचं? आणि हौद्यात जबडा बसवणं म्हणजे कंपनीच्या मूळ रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तिथे आडवं येतं. एमएच-०६ची पाटी असल्यानं पेणच्या आरटीओत आधी विचारल्याशिवाय असलं काही करू नये. हे बंपरखालच्या हुकालाही लागू आहे, ट्रेलरची नोंदणी तर वेगळीच.

साध्या ट्रेलरचं काय होतं? वाडीत आणून दांडी काढली की गाडी मोकळी. पाहुण्यांना मांडव्याच्या रोरो बोटीवरून आणायला, रेवदंड्याच्या बाजाराला, कुणाला रात्री अलिबागला दवाखान्यात न्यायला. माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. वळणाचा हिशोब पटला होता, पण बायकोनं "मग रोजची गाडी कुठली?" असं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जंगलजेट्टीचं, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या जंगरचं, मात्र दोन्हीकडे रडगाणं आहे. आगरदांड्याहून दिघीला जंगरनं जायचं आणि पुढे दिवेआगर, शेखाडी, आरावीच्या रस्त्यानं श्रीवर्धन गाठायचं, असा बेत आहे. ओहोटीला जंगर खाली बसते आणि उतार उभा होतो. फिफ्थ व्हीलमध्ये हौद्याच्या फळ्या ट्रेलरच्या नाकाला टेकायची भीती, तर साध्या ट्रेलरची शेपूट धक्क्याला घासायची. तिथे मी भाच्याला शरण गेलो नाही. भरतीची वेळ बघूनच निघायचं, हा माझा नियम त्यानं मान्य केला.

खारं वारं, वाळू यांचा मुद्दा मी मुद्दामच वापरला नव्हता, कारण तो माझ्या बाजूचा नव्हता. उघड्या ग्रीसवर वाळू बसली की जबडा कुरतडला जातो. बंदरात आम्ही ते पुसायचो, कारण तो आमचा पगार होता. वाडीत कोण पुसणार?

एका बाबतीत मात्र माझं मत तसूभरही हललेलं नाही. रिव्हर्सला फिफ्थ व्हीलच चांगलं. ते सावकाश वळतं आणि चुकलं तर सावरायला वेळ देतं. आखूड ट्रेलर स्टिअरिंग जरा जास्त फिरवलं की मुडपतो. गावातले ट्रॅक्टरवाले ट्रॉली मागे घेतात ते बघून भाचा म्हणतो, त्यात काय! ते लोक लहानपणापासून घेतात, तो पुण्यात राहतो. त्यामुळे दांडी फूटभर लांब करायची, असं मी वेल्डरला सांगितलं आहे. मागे घेताना थोडी उसंत मिळेल. त्या फुटानं वळणात किती आत शिरणार, ते मी काढून ठेवलंय. भाचा अर्ध्या फुटावर अडून बसला आहे, आणि वेल्डर रोज फोन करून विचारतो की पाइप कितीवर कापू.