सिद्धार्थ राजमार्गावरून

गोरखपूरहून लुंबिनीला निघालेल्या धम्मबांधवांना सरहद्द जवळ आल्याची खूण पटते ती ट्रकांच्या रांगेवरून. आम्ही सोनौलीला पोहोचलो तेव्हा सिमेंट, लोखंड, कांद्याची पोती भरलेले ट्रक कडेला उभे होते. ड्रायव्हर मंडळी सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवीत होती. आम्हाला मात्र अडकाठी नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखपत्र जवळ असले म्हणजे झाले. कमानीखालून चालत गेलो आणि नेपाळात आलो.

येथूनच सिद्धार्थ राजमार्ग सुरू होतो. तथागतांच्या नावाचा हा रस्ता पोखऱ्यापर्यंत सुमारे १८० किलोमीटर जातो. तो भारताच्या मदतीने झाला. काम १९६४ साली सुरू झाले. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, त्या काळी या डोंगरातला माणूस पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळाला, अशा थाटात मीठ आणायला दिवसेंदिवस चालत बुटवलच्या बाजारात उतरत असे.

रस्ता झाला, पण नेपाळला समुद्र नाही. परदेशी माल बहुतांशी कोलकात्याच्या बंदरात उतरून आपल्या देशातून जातो. १९८९ साली व्यापार कराराची मुदत संपली आणि दोन नाकी सोडून बाकीची बंद झाली. २०१५ साली भूकंपाच्या जखमा ओल्या असतानाच पुन्हा माल अडला. भारत सरकार म्हणाले, नाकेबंदी आमची नाही, तराईतल्या आंदोलनामुळे गाड्या थांबल्या. कोणाचे का असेना, नेपाळी माउलीला चुलीत लाकडे घालावी लागली. रस्ता बांधून देणाऱ्याच्याच अंगणात दाराची कडी असली की असे होते.

भैरहव्याहून लुंबिनी बावीसेक किलोमीटर. वंदना झाल्यावर आम्ही अशोकस्तंभापाशी बराच वेळ उभे होतो. तथागत येथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला, असे सम्राट अशोकाने त्यावर कोरून ठेवले आहे. तो स्वतः येथवर आला आणि गावाच्या डोक्यावरचे ओझे हलके करून गेला. सकाळची ट्रकांची रांग आठवली.

एक दिवस हाती होता, म्हणून पाल्प्याची बस धरली. बुटवल सोडले की एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल तिनाऊ नदी. पावसाळ्यात येथे दगड कोसळतात. आमच्या उपासिका सारखी वर नजर लावून बसल्या होत्या. शेजारच्या गृहस्थाने एकदम मराठीत विचारले, "मुंबईचे का?" भांडुपला बारा वर्षे वॉचमन होता. याच रस्त्याने सोनौली, गोरखपूर, मग रेल्वे. त्याच्या गावची निम्मी तरणी मुले याच वाटेने गेलेली.

एका ताईंच्या पदराला बाबासाहेबांचा बिल्ला होता. त्याकडे पाहून तो हळूच म्हणाला, "आम्ही कामी, लोहार. कायदा झाला १९६३ला. रस्ता दारापर्यंत आला. पण नळावर अजून आमची घागर शेवटी."

"मग तुम्ही काय करता?" ताईंनी विचारले.

"पोरीला शिकवतोय."

बस वळणावर थांबली. मुंबईहून आणलेला प्रेशर कुकर छातीशी धरून तो उतरला, आणि खिडकीखाली येऊन म्हणाला, "जयभीम, ताई."