प्रेमाच्या कविता आधी छाप

ढाणकी

प्रिय पोरी,

तुझी वही मिळाली. प्रेमाच्या कविता आधी वाचल्या, कारण त्याच छापायला देणार नाहीस असं तू कळवलंस. लोकांना आम्हा तृतीयपंथींचं दुःख चालतं, प्रेम चालत नाही, हे तुझं म्हणणं खोटं नाही. इथल्या बाजारात किंवा हिमायतनगरच्या गाडीत टाळी वाजली की माणसं दहाची नोट काढतात, डोक्यावर हात ठेवून घेतात. बाळ झालं, दुकान टाकलं, तरी आशीर्वाद हवाच. पण त्याच तोंडाने ‘माझा जीव याच्यावर जडलाय’ म्हटलं तर सगळा बाजार हसेल.

आणि हे मराठीत! ज्ञानोबांनी विरहिणी लिहिल्या, नाथांनी गौळणी. होनाजी, रामजोशी यांनी बाईच्या तोंडून काय काय वदवलं! बालगंधर्वांचं नेसणं बघून घरंदाज बायका नेसायला शिकल्या. पुरुषाने बाईच्या जिवाने बोलावं, हे आपल्याला सातशे वर्षं गोड लागतंय. अट एवढीच, की खेळ संपला की लुगडं फेडून ठेवायचं. तुझं लुगडं रोजचं, म्हणून अडतं. (ज्ञानोबांना या रांगेत बसवलं म्हणून तुझे मामा रागावतील. रागावू देत.)

ट्रान्स कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह तुझ्याकडे असेलच. अशी कवयित्री मंचावर आली की आपण आधी तिची कहाणी विचारतो. वेळ उरला तर कविता. त्या मानाने कोर्ट बरं म्हणायचं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुमची ओळख मान्य केली. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, हिंदू विवाह कायद्यातली ‘वधू’ ट्रान्स स्त्रीही असू शकते. तिथे प्रेम कागदावर आलंय आणि तू वहीत दडवतेस?

खरं सांगू? ‘मी कोण’ ही कविता मला आवडली नाही. तीत तू सगळ्या गावाला उत्तर देत सुटलीस, भाषण झालं. पण रिक्षावाल्याची कविता! रस्त्याने तो तुझ्या चार पावलं पुढे चालतो, ओळख नसल्यासारखा. खोलीत आला की तुझ्याच ताटातली भाकर मोडतो. तू कोण, तो कशाला भितो, गाव कसं आहे, सगळं त्या भाकरीत आलं. एकदाही तुला सांगावं लागलं नाही.

तिच्या शेवटच्या ओळी मात्र काढ. तिथे तू त्याला माफ करून टाकतेस. अगं, त्याने अजून माफी मागितलेलीच नाही. आणि वही काही मी परत पाठवत नाही. छापायला दुसरी प्रत कर.

तुझी,
मावशी