घोडा, धड आणि बांबू
न्हावा शेवा ते शिवाजीनगर : प्रवासाची दैनंदिनी, भाग दुसरा

सोमवार, न्हावा शेवा

मागच्या अंकात क्रेन जहाजातून उतरली होती. उतरली म्हणजे धक्क्यावर आली. ती बंदराबाहेर पडली असा अर्थ कुणी काढू नये. आजचा सगळा दिवस कागदांत गेला.

मुंबई बंदरावरचा ताण कमी व्हावा म्हणून उरणच्या खाडीकाठी हे बंदर उभं राहिलं, 26 मे 1989 पासून ते चालू आहे. हे डब्यांचं बंदर. इथलं जग वीस फुटी आणि चाळीस फुटी अशा दोनच मापांत चालतं. डब्यात न मावणारी वस्तू आली, की तिला 'फ्लॅट रॅक'वर बसवतात. हा म्हणजे भिंती आणि छप्पर नसलेला कंटेनर, नुसता तळ आणि दोन्ही टोकांना उभ्या चौकटी. आमची क्रॉलर क्रेन अशीच सुटी होऊन आली आहे. क्रॉलरचे पट्टे वेगळे, बूमचे तुकडे वेगळे, काउंटरवेटच्या लाद्या वेगळ्या. पट्टे आणि लाद्या साध्या ट्रेलरवरून निमूट जातील. भानगड आहे ती धडाची. वजन 38 टन, रुंदी 3.4 मीटर.

वजनाला कुणी घाबरत नाही. मोटार वाहन नियमांत गाडीची रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालते. म्हणजे आमचं धड 80 सेंटिमीटरने बेकायदा. तेवढ्या 80 सेंटिमीटरसाठी परवानगी, लाल झेंडे, दिवे, पुढे-मागे एस्कॉर्ट गाडी आणि रात्रीचा प्रवास. या धंद्यात अशा मालाला सगळे 'ओडीसी', म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणतात. क्लीनर म्हणवणाऱ्या पोरापासून कस्टमच्या एजंटापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द.

मंगळवार, करळ फाटा

दुपारी धड लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढलं. दोन क्रेननी मिळून उचललं आणि लो-बेडच्या मध्यरेषेवर असं अलगद ठेवलं, की खाली उभा असलेला माणूस फक्त दोन बोटांनी खुणा करत होता. खरं काम त्यानंतर सुरू झालं. साखळ्या, टर्नबकल, लाकडी ठोकळे. लॅशिंग करणारा माणूस प्रत्येक साखळीवर लोखंडी कांब हाणून आवाज ऐकायचा. एका साखळीचा आवाज त्याला पसंत पडला नाही. ती सोडून पुन्हा आवळली. मला दोन्ही आवाजांत काहीच फरक कळला नाही.

गाडीचे चालक पाथर्डीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. पुढच्या इंजिनवाल्या भागाला इथे घोडा म्हणतात आणि मामा घोड्याविषयी बोलतात ते खरंच जनावराविषयी बोलावं तसं. "तापला की ऐकत नाही," वगैरे.

"मामा, एवढं वजन ओढताना भीती नाही वाटत?"

"ओढताना कसली भीती, साहेब? ओढणं घोड्याचं काम. थांबवणं माझं काम. भीती असेल तर तिथं."

रात्री निघालो.

बुधवार, पळस्पे

दिवसभर गाडी उभी. ओडीसीच्या प्रवासात प्रवास थोडा आणि मुक्काम फार, हे एव्हाना कळलं आहे. न्हावा शेव्याचा रस्ता इथे मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो. शेजारी एक हायड्रॉलिक अ‍ॅक्सलची गाडी उभी होती. चाकांच्या रांगाच रांगा आणि वर ताडपत्रीत गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक रांग जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होते, त्यामुळे वजन सगळ्या चाकांवर सारखं पडतं. वळताना मागची चाकंही वळतात. त्या गाडीच्या लोकांनी तिच्या सावलीत स्टोव्ह मांडला होता, दोरीवर कपडे वाळत होते. मामांनी आमच्या गाडीकडे बघत हसून म्हटलं, "त्यांच्यापुढे आपण रिक्षा."

खरंच आहे ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-6 या संहितेत पुलांसाठी एक 'विशेष वाहन' धरलेलं आहे, एकूण 385 टनांचं. 20 अ‍ॅक्सल, प्रत्येकावर 18 टन आणि पुढे 25 टनांचा घोडा. असं वाहन पुलावर आलं की बाकीची वाहतूक थांबवायची, गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवायची आणि वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत. इतक्या हळू का? गाडी वेगात असली की पुलाला वजनाबरोबर हादराही सोसावा लागतो. रांगत गेली तर फक्त वजन सोसायचं. मला हा हिशेब फार आवडला.

या लोकांच्या गप्पांत एक गाडी हमखास येते. विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी 70 टनांचा ऑटोक्लेव्ह घेऊन 74 चाकांची एक गाडी जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून निघाली आणि तिरुवनंतपुरमला पोचली जुलै 2020 मध्ये. मध्ये टाळेबंदी आली हे खरं. पण टाळेबंदी नसती तरी महिनेच लागले असते. वाटेत रस्ते रुंद करायचे, झाडं छाटायची, विजेच्या तारा उतरवायच्या.

गुरुवार, बोरघाट

खोपोलीला चहा घेऊन रात्री चढायला लागलो. पहिला गिअर, आणि तोच शेवटपर्यंत. वळणावर पुढच्या एस्कॉर्टचा माणूस उतरून समोरची वाहनं थोपवायचा, मागचा मागची. मध्ये आम्ही संपूर्ण रस्ता व्यापून वळायचो. मामा आरशात बघत नव्हते, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागच्या चाकांकडे बघत होते.

शिंग्रोबाच्या देवळाशी क्लीनरने खिशातलं नाणं टाकलं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यांनीच त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. इतिहासात याला आधार किती, हे घाटात पहिल्या गिअरवर विचारू नये. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी हा गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 ला खुला केला, हे मात्र नोंदलेलं आहे. त्याआधी तोफा घाटावर न्यायच्या तर सुट्या करून, माणसं आणि बैल लावून. सुटं करून नेण्याची युक्ती नवी नाही, फक्त बैल गेले.

खंडाळ्याजवळ जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकच होतात. तिथेच तो अमृतांजन पूल होता. कमानींचा, 1830 सालचा. द्रुतगती मार्ग आला तरी पुलाचे खांब जागच्या जागी, आणि त्यांच्यामधून सगळी वाहतूक. 5 एप्रिल 2020 ला, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो पाडला. त्याच्या बातम्या वाचताना मलाही हळहळ वाटली होती. मामांना मुळीच वाटली नव्हती. "त्या खांबांमधून असा माल काढायचा म्हणजे श्वास धरून. पूल बघायला छान होता, साहेब. खालून जायला नव्हता."

शुक्रवार, देहूरोड

कामशेत, वडगाव, तळेगाव. सपाट रस्ता, लिहिण्यासारखं काही नाही. एक गोष्ट सोडून. समोरून बंदराकडे जाणाऱ्या लो-बेडवर कोरे करकरीत पोकलेन दिसत होते. जेसीबीचा कारखाना तळेगावला, ह्युंदाई आणि सॅनी यांचे चाकणला. म्हणजे घाटावरची यंत्रं खाली समुद्राकडे निघालीत आणि समुद्रावरची आम्ही वर आणतोय. जगाचा व्यापार असाच चालतो म्हणतात. रात्री दोन वाजता दोन लो-बेड एकमेकांना दिवे दाखवून निघून जातात तेव्हा तो जरा विनोदी वाटतो.

शनिवार, दुपार

आज मार्ग पाहणीवाल्याच्या दुचाकीवर मागे बसून पुणे शहर पाहिलं. त्याच्याकडे टेप, लेझरचं मापयंत्र आणि एक वही. लोड केल्यावर आमची उंची 4.3 मीटर. उड्डाणपुलाखाली साधारण 5.5 मीटर जागा ठेवण्याची रीत आहे, मेट्रोच्या पुलाखालीही तीच. तेव्हा वर डोकं आपटायची भीती नाही. तो मोजत होता ते वेगळंच. बॅरिकेडमधली जागा, दुभाजकाची टोकं, लोंबणाऱ्या केबल, मंडळांच्या स्वागत कमानी.

शिवाजीनगरला जायचे दोन रस्ते. एक बाह्यवळणावरून बाणेरमार्गे विद्यापीठ चौकात. दुसरा निगडी, पिंपरी, दापोडी, खडकी. विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल जुलै 2020 मध्ये पाडले, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी. पाहणीवाला म्हणाला, "या शहरात नकाशा छापून येईस्तोवर जुना होतो. म्हणून मी वही ठेवतो, तीही पेन्सिलीने."

आमच्यासोबत येणारा क्रेनचा ऑपरेटर तेव्हा चांदणी चौकाची आठवण सांगू लागला. 2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्रीनंतर तिथला जुना पूल उडवला, 600 किलो स्फोटकं लावून. स्फोट झाला, धूळ बसली, आणि पुलाचा सांगाडा उभाच. उरलेलं काम पोकलेननी केलं. "टीव्हीवाल्यांना स्फोट हवा होता," तो म्हणाला. "शेवटी दात आमचेच लागले."

जुना रस्ता ठरला.

शनिवार, रात्र

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून मेट्रोच्या विस्ताराचं काम चालू आहे. दोन्ही बाजूंना निळे पत्रे, आणि पत्र्यांच्या आत आमच्या क्रेनच्या जातीची यंत्रं उभी. त्यांनीच अरुंद केलेल्या रस्त्यातून आम्ही त्यांचा भाऊबंद घेऊन चाललो होतो. पिंपरीपुढे मेट्रोचे खांब सोबतीला आले. आज हा रस्ता आम्हाला पुरतो. इथे पुढे काही मोठं बांधायचं झालं आणि यापेक्षा मोठं यंत्र आणायची वेळ आली, तर ते या खांबांच्या आणि बीआरटी बसच्या थांब्यांच्या मधून येणार कसं? नियोजनाच्या कागदांवर बस, दुचाकी, पादचारी सगळे असतात. शहर बांधणारं यंत्र शहरात शिरणार कुठून, हे कुणी काढलेलं मी पाहिलं नाही. ते काम पेन्सिलीच्या वहीवर सोडलेलं आहे.

भुयारी मेट्रोच्या वेळी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. बोगदा खोदणारी यंत्रं तुकड्यातुकड्यांनी आणली, कृषी महाविद्यालयाच्या मैदानात जोडली आणि तिथूनच जमिनीखाली सोडली. त्यांना नद्यांची नावं दिली होती, मुळा आणि मुठा. तिसरी पवना, ती स्वारगेटकडून निघाली. मुठेच्या पात्राखालून गेलेला हा बोगदा जून 2022 मध्ये बुधवार पेठेत पूर्ण झाला. पेठांच्या गल्ल्यांतून असं यंत्र वरून नेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, तेव्हा ते खालून गेलं.

खडकीत रस्ता आवळतो. इथे बांबूवाल्याचं राज्य सुरू झालं. लो-बेडच्या पुढे चालणारा विशीतला पोरगा, हातात लांब बांबू, टोकाला आडवी पट्टी. इंटरनेटच्या केबल उचलायच्या, धडावरून अलगद मागे सोडायच्या. विजेच्या तारेला हात लावायचा नाही. इतक्या सफाईने तो हे करत होता, की मी विचारलं, कुठे शिकलास?

"मंडळात, दादा. विसर्जनाला आमच्या रथापुढे मीच असतो. लक्ष्मी रस्त्यावर यापेक्षा जास्त तारा."

"आणि तिथे जास्त अवघड काय?"

"तिथं पब्लिक असतं ना! इथं निवांत."

निवांत म्हणजे मागे खोळंबलेले दोन टेम्पो, एक भाजीची गाडी आणि हॉर्नवरून हात न काढणारा एक मोटारवाला. पोलीस त्याच्या काचेवर टकटक करून काहीतरी बोलले. हॉर्न थांबला.

रविवार, पहाट, शिवाजीनगर

साइटचं फाटक चार मीटरचं. आमचं धड 3.4 मीटरचं. पण फाटक रस्त्याला काटकोनात आणि समोर दुभाजक, त्यामुळे हा हिशेब कागदावरच बरोबर. मामांनी गाडी उलटी लावायची ठरवली. पुढे, मागे, पुढे, थोडं मागे. दर वेळी लो-बेडचं शेपूट वीतभर सरकायचं. सुपरवायझर सूचना देत होता, सुरक्षारक्षक सूचना देत होता, पलीकडचा चहावालाही देत होता. मामा फक्त क्लीनरच्या शिट्टीकडे कान देत होते. फाटकाचा उजवा खांब आणि धड यांच्यात एका क्षणी तळहात मावेल एवढी जागा होती. मी घालून पाहिला नाही.

सूर्य वर यायच्या आत गाडी आत होती. धड उतरवायला मात्र दुपार होणार, कारण उतरवणारी दुसरी क्रेन दिवसा शहरात शिरू शकत नाही आणि रात्री शिरलेली आधी शहरातल्याच दुसऱ्या साइटवर गेलेली, तिथून सुटली की इथे. बूमचे तुकडे अजून पळस्प्यालाच आहेत. ते आल्याशिवाय ही क्रेन काहीच उचलणार नाही.

मामांचा फोन वाजला. रिकामा लो-बेड घेऊन आज रात्री चाकणला जायचं. पोकलेन भरायचा, न्हावा शेव्याला पोचवायचा. "येता का?" त्यांनी विचारलं. "उतारावर गंमत वेगळी असते. मी म्हटलं ना, थांबवणं माझं काम."

(क्रमशः)